टीव्ही संपत का नाही?

एक भाग संपतो. पडद्याच्या कोपऱ्यात पाच, चार, तीन असे आकडे उतरू लागतात आणि अडीच वर्षांच्या मुलाची नजर हलायच्या आत पुढचा भाग सुरू होतो. हातातलं काम टाकून मोठं माणूस धावत येतं, रिमोट उचलतं आणि टीव्ही बंद करतं. मूल जमिनीवर अंग टाकून देतं. घरातलं दुसरं कुणीतरी आतून म्हणतं, "सवय तुम्हीच लावलीत ना, मग भोगा आता."

हे वाक्य असंख्य घरांत रोज बोललं जातं आणि ते अन्यायाचं आहे. दमलेल्या आईला किंवा बापाला वीस मिनिटं हवी होती, तीही आंघोळ, स्वयंपाक किंवा धाकट्याला झोपवणं अशाच कशासाठी तरी. त्यांनी एकच भाग लावला होता. दुसरा यंत्राने लावला, आणि तो न विचारता लावायचा हे यंत्र बनवणाऱ्याने आधीच ठरवून ठेवलं होतं. लहान मुलांच्या पडद्याविषयी बोलताना आपण पालकांच्या शिस्तीवर तासभर बोलतो, पण या ठरवण्यावर कुणी बोट ठेवत नाही.

मिनिटांचे आकडे तसे सगळ्यांना ठाऊक आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलं की पहिल्या दोन वर्षांत बसून पडदा पाहणं नकोच. दोन ते चार वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि त्याहून कमी असेल तर अधिक चांगलं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 2016 मध्ये जवळपास हेच सांगितलं. अठरा महिन्यांच्या आत व्हिडिओ कॉलखेरीज काही नको, दोन ते पाच वर्षांत तासभर, तेही निवडून आणि शक्यतो सोबत बसून. या सल्ल्याशी वाद नाही. पण घरात भांडण तासावरून होत नाही, ते होतं बंद करण्याच्या त्या एका क्षणावरून. तो क्षण नीट गेला तर वीस मिनिटं वीसच राहतात. तो बिघडला की वीसची पन्नास होतात आणि दुसऱ्या दिवशी मूल पन्नासपासूनच मागायला लागतं.

पूर्वीच्या टीव्हीला शेवट होता. कार्यक्रम ठरलेल्या वेळी लागायचा आणि संपला की बातम्या किंवा असंच काहीतरी रटाळ सुरू व्हायचं. मूल आपणहून उठून जायचं. कुणाला 'नाही' म्हणावं लागत नव्हतं, ते वेळापत्रकच म्हणायचं. आता मागणीबरहुकूम सगळं मिळतं, वेळापत्रक गेलं, आणि जाताना 'नाही' म्हणायचं काम पालकाच्या गळ्यात टाकून गेलं.

वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी एक ते पाच वर्षांची मुलं असलेल्या घरांत नेमका हाच क्षण पाहिला. त्यांचा अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. पडदा थांबण्याचं कारण यंत्रातूनच आलं, म्हणजे भाग संपला, बॅटरी गेली किंवा इंटरनेट बंद पडलं, तर मुलं त्या मानाने सहज उठत. पडदा रोजच्या क्रमातली ठरलेली पायरी असेल तरीही उठत. आणि "आता दोनच मिनिटं हं" अशी सूचना देण्याने प्रसंग सुधारण्याऐवजी बिघडत होता. पालकत्वाच्या जवळजवळ प्रत्येक सल्ल्यात ही सूचना द्यायला सांगितलेलं असतं, म्हणून हा निष्कर्ष नीट समजून घ्यायला हवा.

अडीच वर्षांच्या मुलाला दोन मिनिटं म्हणजे काय ते कळत नाही. त्याचा काळ घटनांनी मोजला जातो: आंघोळीनंतर, बाबा आल्यावर, अंधार पडल्यावर. "दोन मिनिटं" या शब्दांतून त्याला एवढंच समजतं की हे काढून घेणार आहेत. मग उरलेली दोन मिनिटं ते बघण्यात घालवत नाही, विरोधाच्या तयारीत घालवतं. "हा ससा घरी पोचला की बंद" हे मात्र त्याला कळतं, कारण ससा घरी पोचताना त्याला स्वतःला दिसतो. गोष्टीतला शेवट त्याच्या मापाचा असतो, घड्याळाचा नसतो. आणि ऑटोप्ले, म्हणजे पुढचा भाग आपोआप लावण्याची यंत्रातली सोय, नेमका तोच गोष्टीतला शेवट पुसून टाकतो.

म्हणून घरात पहिलं काम शेवट परत आणण्याचं. यूट्यूबच्या सेटिंग्जमध्ये ऑटोप्लेचा खटका असतो, तो बंद करा. फोनवर बंद केला म्हणजे टीव्हीवरही झाला असं धरून चालू नका. प्रत्येक उपकरणावर जाऊन एक व्हिडिओ शेवटपर्यंत चालवून खात्री करा. नेटफ्लिक्सवर पुढचा भाग आपोआप लावण्याची खूण प्रत्येक प्रोफाइलमध्ये वेगळी काढावी लागते. मुलांच्या प्रोफाइलवरची काढली आणि घाईत मोठ्यांच्या प्रोफाइलवर कार्टून लावलं की पुन्हा तेच. कार्यक्रमांच्या यादीवर थांबलं तरी झलक आपोआप हलू-बोलू लागते, त्याची खूण वेगळी असते. तीही काढा.

एवढं करूनही भाग संपल्यावर पडद्यावर पुढच्या चित्रांची रांग लागते, आणि मूल त्यातल्या एकावर बोट ठेवतं. पूर्ण शेवट हवा असेल तर सगळ्यात भरवशाचा उपाय जुनाच आहे, तो म्हणजे पेनड्राइव्ह. आपल्याकडे रीतसर असलेला एखादा कार्यक्रम त्यात घालून टीव्हीच्या यूएसबी खाचेत लावायचा. भाग संपला की फक्त फाइलचं नाव दिसतं, त्यात मुलाला काडीचा रस नसतो. दोन गोष्टी मात्र पाहून घ्या. बरेच टीव्ही एकाच फोल्डरमधली पुढची फाइल आपणहून लावतात, म्हणून एका फोल्डरमध्ये एकच फाइल ठेवायची. आणि 'रिपीट' चालू असेल तर तोच भाग पुन्हा पहिल्यापासून लागतो, ते बंद करायचं. टॅबवर हेच साधायचं तर भाग आधी डाउनलोड करून विमान मोड लावावा. मूल बाहेर पडून दुसरं काही उघडत असेल तर आयपॅडवर सेटिंग्जमध्ये 'ॲक्सेसिबिलिटी'खाली 'गाइडेड ॲक्सेस' आहे. त्याने पडदा एकाच ॲपवर अडकतो आणि वेळेची मर्यादाही लावता येते. अँड्रॉइडवर सुरक्षा सेटिंग्जमध्ये ॲप पिन करण्याची सोय असते.

टायमर वापरणाऱ्यांची एक चूक नेहमी होते. वीस मिनिटं गोल आकडा म्हणून लावतात, आणि टायमर ससा रस्त्यात असतानाच पडदा मिटवतो. त्यावरचं रडणं हट्टाचं नसतं. गोष्ट अर्ध्यात तुटली की मोठ्या माणसालाही राग येतो. आधी भाग किती मिनिटांचा आहे ते बघा. सात-सात मिनिटांचे दोन दाखवायचे असतील तर टायमर पंधराचा लावा.

भाग संपताना शेवटचं मिनिटभर शेजारी येऊन बसणं हे सगळ्या सेटिंग्जपेक्षा जास्त उपयोगी पडतं. "अरे, पोचला ससा! आता झोपणार तो." मग बंद करायचं बटण मुलालाच दाबू द्यायचं. रिमोटवरच्या त्या एका बटणावर रंगीत टिकली चिकटवली की दोन वर्षांच्या मुलालाही ते सापडतं. आपल्या बोटाने पडदा काळा करणाऱ्या मुलाला काही हिसकावून घेतल्यासारखं वाटत नाही, काहीतरी केल्यासारखं वाटतं. आणि लगेच पुढे अंगाला काम हवं: पाण्याशी खेळ, बाहेर फेरी, जेवण. पडद्यानंतर पोकळी ठेवली की मूल परत पडद्याकडेच वळणार. झोपण्याआधीचा तास मात्र या क्रमात कधीच नको. लहान मुलांच्या डोळ्यांत मोठ्यांपेक्षा जास्त प्रकाश शिरतो आणि संध्याकाळच्या तेजस्वी उजेडाने झोप आणणारं मेलाटोनिन त्यांच्यात फार दबतं. शरीर थकलेलं आणि डोकं जागं, अशी ती अवस्था असते.

आणि बंद केल्यावर रडलं तर? रडू द्यावं, जवळ बसावं, पण पुन्हा लावू नये. तीन दिवस न लावता चौथ्या दिवशी लावणं हे रोज लावण्यापेक्षाही वाईट. कधीकधीच फळणाऱ्या रडण्यातून मूल जास्त वेळ आणि जास्त जोरात रडायला शिकतं. त्या दिवशी पुन्हा लावावं लागेल असं आतून वाटत असेल, ताप आहे, आपण एकटे आहोत, त्राण उरलेलं नाही, तर ते आधीच ठरवून सुरुवातीलाच दोन भाग सांगावेत. रडण्याआधी दिलेले दोन भाग आणि रडण्यानंतर दिलेला दुसरा भाग, यांतून मूल दोन वेगळ्या गोष्टी शिकतं.

इथवर मुलांच्या कार्यक्रमांविषयी झालं. पण ज्या टीव्हीला शेवट नसतो त्यात मोठा वाटा मोठ्यांच्या टीव्हीचा असतो. सकाळी लागलेली बातम्यांची वाहिनी रात्रीपर्यंत चालू, आणि "तो कुठे बघतोय, तो आपला खेळतोय" हे समाधान. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एक, दोन आणि तीन वर्षांच्या मुलांना तासभर खेळणी देऊन बसवलं. त्यातला अर्धा तास खोलीत मोठ्यांचा प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम चालू होता. मुलं टीव्हीकडे मिनिटातून एकदासुद्धा पाहत नव्हती, पाहिलं तरी काही सेकंद. तरीही त्यांचे खेळ आखूड झाले आणि त्यांचं लक्ष कमी काळ टिकलं.

घरीही हे डोळ्यांनी दिसतं, फक्त बघायला बसावं लागतं. मूल तिसरा ठोकळा दुसऱ्यावर ठेवत असतं. बातम्यांत एकदम संगीत वाजतं. मान वर होते, दोन सेकंदांनी परत खाली येते. पण हातात ठोकळा कशासाठी घेतला होता ते निसटलेलं असतं. ते तो बाजूला टाकतं आणि दुसरं काही उचलतं. मनोरा तीनच्या वर जात नाही, आणि आपण म्हणतो याचं चित्त कुठे लागतच नाही.

दुसरं नुकसान भाषेचं. 2009 मधल्या एका अभ्यासात दोन महिने ते चार वर्षांच्या मुलांच्या अंगावर दिवसभर ध्वनिमुद्रक बसवले होते. टीव्हीचा आवाज ऐकू येण्याच्या प्रत्येक वाढीव तासामागे मुलांच्या कानावर पडणारे मोठ्यांचे शब्द सरासरी 770 ने कमी भरले. टीव्ही बोलतो तेव्हा घर गप्प होतं, इतकं साधं ते आहे. आणि टीव्हीचे शब्द त्या जागी चालत नाहीत. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना बारा बैठकांत चिनी भाषा ऐकवली. समोर बसून खेळणाऱ्या-बोलणाऱ्या माणसाकडून ऐकलेल्या बाळांना त्या भाषेतले ध्वनी वेगळे ओळखता येऊ लागले. तीच माणसं, तेच बोलणं व्हिडिओवर पाहिलेल्या बाळांच्या पदरात काहीच पडलं नाही. माणूस बाळाच्या नजरेमागे जातो, ते बघेल त्या वस्तूचं नाव घेतो, ते हसलं की थांबतो. पडद्याला बाळ दिसत नाही. व्हिडिओ कॉलला सूट आहे ती याच कारणाने: पलीकडची आजी थांबते, उत्तर देते. मात्र कॉलवर आजीचं फक्त कपाळ दिसत असेल तर काही होत नाही. दोन्हीकडे फोन डोळ्यांच्या उंचीवर टेकवून ठेवावा, हातात धरू नये, आणि पाच-सात मिनिटं पुरे.

'शैक्षणिक' या शिक्क्याविषयी थोडक्यात. 1969 पासून चाललेला सेसमी स्ट्रीट हा कार्यक्रम शिक्षणतज्ज्ञांसोबत अभ्यासक्रम आखून, मुलांसमोर चालवून पाहून केला गेला. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना त्यातून अक्षरं-आकडे आले हे वारंवार दिसलं आहे. ॲपच्या दुकानात मात्र हा शब्द लावायला आधी कुणाला काही सिद्ध करून दाखवावं लागत नाही. दर तीन सेकंदांना दृश्य बदलणारं, अक्षरं नाचवणारं गाणं शैक्षणिक नसतं, त्यात फक्त अक्षरं असतात. एक कसोटी घरी लावता येते. पाहून झाल्यावर मूल त्यातलं काही खेळात आणतं का? ससा झोपला म्हणून बाहुलीला झोपवतं का? आठवडाभरात एकदाही आणत नसेल तर तो कार्यक्रम काढून टाका.

आपल्या हातातला फोनही यात आलाच. दोन वर्षांच्या मुलांना आईने नवा शब्द शिकवताना मध्येच तिच्या फोनवर कॉल आला, तर तो शब्द मुलं शिकली नाहीत. कॉल आला नाही तेव्हा शिकली. हे 2017 मध्ये प्रसिद्ध झालेलं आहे. मुलाशी बोलताना फोनचा आवाज बंद करून तो दुसऱ्या खोलीत ठेवणं एवढंच त्यावरचं काम.

हे सगळं पालक करू शकतात आणि करावं. पण एक शेवट परत मिळवण्यासाठी किती खटके, किती खुणा, किती फोल्डर लागले ते पुन्हा मोजून बघा. ज्या घरात हे सगळं शोधून काढायला कुणाला सवड नाही, तिथलं मूल यंत्राच्या मर्जीवर राहतं. म्हणून हा प्रश्न घरापुरता ठेवून चालणार नाही.

त्याच रिमोटमधल्या एका वस्तूबाबत जगाने हे मान्य केलेलंही आहे. साउंडबार, दिवे यांच्या छोट्या रिमोटमध्ये बऱ्याचदा चपटा बटण सेल असतो. त्यावर अनेकदा सीआर 2032 लिहिलेलं असतं, म्हणजे 20 मिलिमीटर व्यास आणि 3.2 मिलिमीटर जाडी. हा 20 मिलिमीटरचा आकार लहान मुलाच्या अन्ननलिकेत नेमका अडकतो. ओल्या ऊतीतून वीज वाहू लागते, सेलच्या ऋण बाजूला तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांत अन्ननलिका खोलवर जळू शकते. रिमोट चालेनासा झाला म्हणून काढलेल्या सेलमध्येही एवढं करण्याइतका जोर उरलेला असतो. लाळ गळणं, खायला नकार, खोकला, घरघर, उलटी अशी लक्षणं दिसतात आणि ती साध्या सर्दी-पोटदुखीसारखीच वाटतात. गिळल्याचा नुसता संशय आला तरी थेट एक्स-रे असलेल्या रुग्णालयात न्यावं. उलटी करवू नये, खायला-प्यायला देऊ नये. याला अपवाद एकच: मूल एक वर्षाच्या पुढचं असेल, त्याला गिळता येत असेल आणि बारा तास उलटले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चहाचे चमचे, म्हणजे 10 मिलिलिटर मध द्यावा, जास्तीत जास्त सहा वेळा. मध शोधण्यात वेळ घालवू नये, आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध मुळीच देऊ नये.

अमेरिकेत अठरा महिन्यांच्या एका मुलीचा रिमोटमधला असा सेल गिळल्याने मृत्यू झाला. तिच्या नावाने 2022 मध्ये रीसचा कायदा झाला. ग्राहकांच्या वस्तूंतलं अशा सेलचं झाकण हत्याराशिवाय, किंवा एकाच वेळी दोन वेगळ्या हालचाली केल्याशिवाय, उघडता कामा नये असं त्याखालच्या नियमांत आहे. "आईबापांनी लक्ष ठेवायला हवं होतं" असं म्हणून हा विषय संपवला गेला नाही. झाकणाला स्क्रू लावायला सांगितलं गेलं, आणि ते बनवणाऱ्याला सांगितलं गेलं.

पडद्यावरच्या मजकुराबाबतही सुरुवात झालेली आहे. फ्रान्सच्या प्रसारण नियामकाने 2008 मध्ये तिथल्या वाहिन्यांना तीन वर्षांखालच्या मुलांसाठी म्हणून कार्यक्रम खपवायला मनाई केली. ब्रिटनमध्ये मुलांच्या ऑनलाइन सेवांसाठी पंधरा मानकं आली आणि ती पाळण्याची मुदत सप्टेंबर 2021 मध्ये संपली. त्याच्या महिनाभर आधी गूगलने जाहीर केलं की अठरा वर्षांखालच्यांच्या यूट्यूब खात्यांवर ऑटोप्ले मुळात बंद असेल, आणि मुलांच्या यूट्यूबवरही तसंच. म्हणजे हे करता येतं, एका घोषणेत करता येतं. भोक राहिलं ते दिवाणखान्यातल्या टीव्हीवर, जिथे खातं आईचं किंवा बापाचं असतं आणि बघणारं मूल असतं.

ते बुजवायला नियम अगदी थोडे लागतील. ऑटोप्ले सगळ्यांसाठीच मुळात बंद असावा. ज्याला हवा त्याने चालू करावा, आणि एकदा बंद केला की त्या खात्याच्या सगळ्या उपकरणांवर बंद व्हावा. टीव्ही सुरू केल्यावर झलक आपणहून बोलू लागू नये. रिमोटवरचं ॲपचं बटण दाबलं तरी बंद असलेला टीव्ही सुरू होणार नाही, अशी सोय हवी का हे पहिल्या जोडणीतच विचारलं जावं. आणि लहान मुलांचा म्हणून लावलेला कार्यक्रम संपला की चित्र स्थिर व्हावं, आवाज थांबावा, आणि पुढचं काहीही दिसायला मोठ्या माणसाचा पिन लागावा.